शेजारी देशांनी मिळून रोगांवर संशोधन करायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

नेपाळच्या तराईतल्या एखाद्या गावात कुणाला तरी महिनाभर ताप येतोय, प्लीहा वाढून पोट डावीकडे टणक लागतंय, अंग वाळत चाललंय. घरचे त्याला सीमेपलीकडे बिहारमध्ये नेतात, कारण तिथलं रुग्णालय जवळ आहे आणि सीमा खुली आहे. तपासणीत काला-आजार निघतो, म्हणजे सँडफ्लाय या बारीक माशीच्या चाव्यातून शरीरात शिरणाऱ्या परजीवीचा आजार. उपचार होतात, माणूस बरा होऊन घरी परततो. आता हा रुग्ण कुणाच्या यादीत धरायचा? बिहारच्या यादीत धरला, तर बिहारचं आरोग्य खातं फवारणीला जाणार कुठे? रोग पसरवणारी माशी त्याला जिथे चावली ते घर नेपाळमध्ये आहे. आणि नेपाळच्या यादीत तो आलाच नाही, तर त्या घरी फवारणीचं पथक जाण्याचं कारणच उरत नाही. त्याच भिंतींच्या भेगांमधून पुढचा रुग्ण तयार होतो.

उष्ण कटिबंधातल्या संसर्गजन्य रोगांचा विषय निघाला की ‘प्रादेशिक सहकार्य’ हे शब्द हमखास कानावर येतात. ऐकताना डोळ्यांपुढे परिषद, हस्तांदोलन आणि सामंजस्य करारावरच्या सह्या येतात. पण सही हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते बरंचसं कंटाळवाणं असतं: रुग्ण एकाच पद्धतीनं मोजणं, एकच प्रश्न अनेक ठिकाणी एकाच तऱ्हेनं विचारणं, आणि हाती आलेलं उत्तर शेजाऱ्यापासून न लपवणं. हे काम जिथे नेटानं झालं तिथे रोग हटले, आणि जिथे झालं नाही तिथे चांगली औषधंसुद्धा वाया गेली.

प्रदेश ठरवते ती माशी

देशांच्या सीमा राजकारणानं ठरतात. रोगाचा प्रदेश मात्र त्याचा वाहक ठरवतो. डास, माशी, ढेकणाच्या जातीचा किडा यांना विशिष्ट तापमान, पाऊस, माती आणि घराची विशिष्ट बांधणी लागते. हे सगळं जिथवर सारखं, तिथवर त्या रोगाचा मुलूख. गंगेच्या खोऱ्यातला काला-आजार बिहार, नेपाळची तराई आणि बांगलादेश अशा सलग पट्ट्यात आढळतो, कारण तो पसरवणारी सँडफ्लाय या पट्ट्यातल्या ओलसर मातीत आणि गोठ्याशेजारच्या मातीच्या घरांत पोसली जाते. दक्षिण अमेरिकेत शागास रोग पसरवणारा किडाही असाच मातीच्या भिंतींत आणि गवताच्या छपरांत राहतो. म्हणून १९९१ मध्ये अर्जेंटिना, बोलिव्हिया, ब्राझील, चिली, पॅराग्वे आणि उरुग्वे या सहा देशांनी त्याच्याविरुद्ध एकत्र मोहीम उघडली. त्या किड्याकडून होणारा प्रसार थांबल्याचं प्रमाणपत्र उरुग्वेला १९९७ मध्ये मिळालं, चिलीला १९९९ मध्ये आणि ब्राझीलला २००६ मध्ये.

मात्र प्रदेश म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर पश्चिम आफ्रिकेतल्या रिव्हर ब्लाइंडनेसची हकिगत पाहायला हवी.

हा रोग धाग्यासारख्या एका कृमीमुळे होतो. काळी माशी चावताना कृमीच्या अळ्या माणसाच्या शरीरात सोडते. त्या वाढून कातडीखाली गाठी करून राहतात आणि लाखोंनी सूक्ष्म अळ्या सोडत राहतात. या सूक्ष्म अळ्यांमुळे अंगाला झोप उडवणारी खाज सुटते, आणि त्या डोळ्यांत शिरल्या की वर्षानुवर्षांत दृष्टी जाते. काळी माशी अंडी घालते ती खळाळत्या पाण्यात. म्हणजे रोग नदीकाठी, आणि सुपीक जमीनही नदीकाठीच. पश्चिम आफ्रिकेतल्या कित्येक खोऱ्यांमधून लोक गावंच्या गावं सोडून निघून गेले आणि निकृष्ट माळावर शेती करू लागले. पिढ्यान् पिढ्या लोक एक तर आंधळे व्हायचे, नाही तर उपाशी राहायचे.

१९७४ मध्ये सात देशांमध्ये एक संयुक्त मोहीम सुरू झाली. पद्धत सरळ होती: हेलिकॉप्टर आणि विमानांमधून नद्यांच्या प्रवाहात दर आठवड्याला अळीनाशक सोडायचं, म्हणजे माशीची पैदासच बंद. पण काही खोऱ्यांत सगळं नीट करूनही पावसाळा आला की माश्या परत दिसायच्या, त्याही रोगाची लागण झालेल्या. या येतात कुठून? कीटकशास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की ही माशी मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन काहीशे किलोमीटर येऊ शकते. शिवाय जिला आपण ‘काळी माशी’ म्हणतो तो अनेक जातींचा गट आहे. नुसत्या डोळ्यांना त्या सारख्या दिसतात, पण अळ्यांच्या गुणसूत्रांवरचे पट्टे पाहिले की वेगळ्या ओळखू येतात. गवताळ प्रदेशातल्या जातींमुळे अंधत्व जास्त येतं, जंगलातल्या जातींमुळे कमी. म्हणजे प्रश्न माशी आहे की नाही एवढाच नव्हता. कुठल्या जातीची आणि कुठल्या नदीवरची, हेही कळायला हवं होतं. उत्तर मिळाल्यावर मोहिमेचा नकाशा बदलला आणि देश सातावरून अकरा झाले. हे उत्तर कुठलाही एक देश शोधू शकला नसता, कारण प्रश्न त्याच्या हद्दीत दिसत होता आणि उगम दुसऱ्याच्या हद्दीत होता.

पुढची अडचण रसायनाची. १९८० च्या सुमारास काही नद्यांमधल्या अळ्या नेहमीच्या अळीनाशकाला दाद देईनाशा झाल्या. मग वेगवेगळी अळीनाशकं आलटून पालटून वापरायची पद्धत बसवावी लागली. पाण्याचा प्रवाह किती, ऋतू कोणता, मासे आणि इतर जलचरांवर परिणाम काय, हे सगळं सतत मोजत राहूनच ते शक्य होतं. आणि सर्वांत कठीण गणित वेळेचं होतं. माणसाच्या शरीरात हा कृमी दहा ते पंधरा वर्षं जगतो. माश्या एखाद-दोन वर्षं नाहीशा केल्या आणि थांबलो, तर त्या परतल्यावर माणसांच्या शरीरातल्या जिवंत कृमींपासून रोग पुन्हा सुरू होतो. म्हणजे फवारणी कृमीच्या आयुष्याहून जास्त काळ चालली पाहिजे. कोणतं सरकार इतकी वर्षं शेजाऱ्याच्या नदीवर पैसे खर्च करील? एकेकट्यानं कुणीच नाही. अकरा देशांनी मिळून ते केलं. २००२ मध्ये मोहीम संपली तेव्हा सुमारे ६ लाख लोकांची दृष्टी वाचल्याचा आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा कसण्याजोगी झाल्याचा अंदाज होता.

दरम्यान १९८७ मध्ये आयव्हरमेक्टिन हे औषध उत्पादक कंपनीनं या रोगासाठी मोफत द्यायचं जाहीर केलं. सूक्ष्म अळ्या मारणारी गोळी, वर्षातून एकदा. पण रस्ते नसलेल्या हजारो गावांत ती दरवर्षी पोचवायची कुणी? नव्वदच्या दशकात अनेक आफ्रिकी देशांमध्ये एकाच आराखड्यानं एक अभ्यास झाला. काही गावांत आरोग्य खात्यानं ठरवलेल्या पद्धतीनं औषध वाटलं, तर काही गावांत गावकऱ्यांनीच वाटप कधी, कसं आणि कुणी करायचं ते ठरवलं. गावकऱ्यांच्या हाती दिलेलं वाटप जास्त लोकांपर्यंत पोचलं, आणि पुढे हीच पद्धत कोट्यवधी लोकांसाठी वापरली गेली. या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा शोध मला हाच वाटतो. एका देशात असं दिसलं असतं तर ‘तिथले लोक तसे असतील’ म्हणून ते सहज बाजूला सारता आलं असतं. वेगळ्या भाषा, वेगळे धर्म, वेगळी सरकारं असलेल्या देशांत तेच दिसलं, म्हणून ते मान्य झालं.

रुग्ण पुरेसे नाहीत, म्हणून शेजारी हवेत

या रोगांवर संशोधन मुळात कमी होतं. १९७५ ते १९९९ या काळात जगभरात १,३९३ नवी औषधं आली. त्यांतली उष्णकटिबंधीय रोगांसाठी आणि क्षयरोगासाठी मिळून केवळ १६ होती. कारण उघड आहे. ज्यांना हे रोग होतात त्यांच्याकडे औषध विकत घ्यायला पैसे नसतात. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली उष्णकटिबंधीय रोगांवरच्या संशोधनाचा विशेष कार्यक्रम सुरू झाला, आणि २००३ मध्ये दुर्लक्षित रोगांवरच्या औषधांसाठी डीएनडीआय ही ना-नफा संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांमध्ये भारताची वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), ब्राझीलची ओस्वाल्डो क्रूझ फाउंडेशन, केनियाची वैद्यकीय संशोधन संस्था आणि मलेशियाचं आरोग्य मंत्रालय आहे. ज्या देशांत रोग आहे तेच देश संशोधनाच्या टेबलाशी बसले, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

पैसा मिळाला तरी आणखी एक अडचण उरते, आणि ती निव्वळ गणिताची आहे. समजा, जुन्या औषधानं शंभरातले ९० रुग्ण बरे होतात आणि नव्यानं ९५ होतील असं वाटतंय. हा फरक खरा आहे की योगायोग, हे खात्रीनं सांगायला दोन्ही गटांत मिळून साधारण साडेआठशे ते नऊशे रुग्ण लागतात. दहा-वीस रुग्णांवरून असा फरक कळतच नाही. आता ज्या देशात वर्षाला या रोगाचे दोनशे रुग्ण निदानापर्यंत पोचतात, त्यातले काही गरोदर, काही फार लहान, काहींना दुसरे आजार, त्या देशाला एकट्यानं ही चाचणी संपवायला किती वर्षं लागतील? तोवर प्रश्नच बदललेला असतो. चार देशांनी एकच आराखडा धरला, तर तीच चाचणी दोन-तीन वर्षांत होते.

पण त्यासाठी ‘एकच आराखडा’ हे शब्द फार गंभीरपणे घ्यावे लागतात. ‘बरा झाला’ कधी म्हणायचं? उपचार संपल्यावर, की सहा महिन्यांनी पुन्हा तपासून? परजीवी शोधायला नमुना प्लीहेतून घ्यायचा, अस्थिमज्जेतून, की लसीकाग्रंथीतून? नमुन्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली कुणी वाचायची, आणि दुसऱ्या देशातल्या तंत्रज्ञानं तीच काच वाचली तर उत्तर तेच येईल का? हे आधी ठरलं नाही, तर चार देशांचे आकडे एका तक्त्यात मांडता येतात, पण त्यांची बेरीज करता येत नाही.

एकच परजीवी, दोन प्रदेश, दोन उत्तरं

काला-आजारावर अनेक दशकं अँटिमनीयुक्त इंजेक्शनं दिली जात. विसाव्या शतकाच्या अखेरीस बिहारच्या सर्वाधिक बाधित भागात ती निम्म्याहून अधिक रुग्णांवर चालेनाशी झाली. पर्याय म्हणून अँफोटेरिसिन बी हे औषध होतं, पण त्याच्या पंधरा सलाइन दिवसाआड द्याव्या लागत. म्हणजे जवळपास महिनाभर रुग्णालयात. रोजंदारीवर जगणाऱ्या घरातला कमावता माणूस महिनाभर खाटेवर असणं याचा अर्थ सांगायला नको. मग मुजफ्फरपूरमध्ये एक चाचणी झाली. तेच औषध मेदाच्या सूक्ष्म आवरणात बसवून, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, फक्त एकदा दिलं. ४१२ रुग्णांची ही चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी पाहिलं तर एका मात्रेच्या गटात ९५.७ टक्के बरे होते, महिनाभराच्या गटात ९६.३ टक्के. व्यवहारात फरक काहीच नाही. २०१४ पासून भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हीच एका दिवसाची पद्धत आली.

साहजिकच वाटेल, की हेच पूर्व आफ्रिकेत न्यावं. तिथेही काला-आजार आहे आणि परजीवीही त्याच जातीचा. सुदान आणि इथिओपियात चाचणी घेतली गेली. एका मात्रेनं बरे होणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्क्यांच्याही खाली राहिलं आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. पॅरोमोमायसिन या दुसऱ्या औषधाचंही तसंच झालं. भारतात एकट्यानं सुमारे ९५ टक्के रुग्ण बरं करणारं हे औषध त्याच मात्रेत सुदानच्या केंद्रांवर फार कमी पडलं. रक्ताच्या थेंबावरून निदान करणारी पट्टी भारत-नेपाळ-बांगलादेशात उत्तम चालते, पूर्व आफ्रिकेत तीच पट्टी बरेच रुग्ण चुकवते. परजीवीचे स्थानिक प्रकार, माणसाच्या शरीराचा प्रतिसाद अशी अनेक कारणं यामागे असू शकतात.

म्हणूनच २००३ मध्ये खार्तूममध्ये पूर्व आफ्रिकेतल्या संशोधकांचं आणि आरोग्य मंत्रालयांचं एक व्यासपीठ उभं राहिलं. सुदान, इथिओपिया, केनिया आणि युगांडा या चार देशांनी हजाराहून अधिक रुग्णांवर मिळून चाचणी घेतली, आणि त्यातून दोन औषधांचा १७ दिवसांचा संयुक्त उपचार निघाला. आधी ३० दिवस लागत. दूरच्या देशातल्या चांगल्या बातमीवर विसंबून न राहता आपल्या प्रदेशाचं उत्तर आपण शोधायचं, यासाठी हे सहकार्य. ‘आम्हाला वेगळी चाचणी कशाला, तिकडे झालीय ना’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक निधीदात्यापुढे सुदानचे हे आकडे ठेवावेत असं मला वाटतं.

प्रदेशाच्या आतसुद्धा शेजाऱ्याकडून शिकायला खूप असतं, नकारात्मक उत्तरंही. कीटकनाशक भिनवलेल्या मच्छरदाण्या काला-आजाराला अटकाव करतील अशी सगळ्यांचीच अपेक्षा होती. भारत आणि नेपाळमधल्या गावांत एकाच आराखड्यानं मोठा अभ्यास झाला. मच्छरदाण्या दिलेल्या आणि न दिलेल्या गावांमध्ये संसर्गाच्या प्रमाणात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. हे कळलं नसतं तर तोकडा निधी तिकडेच वाहून गेला असता. उलट दिशेनं, नेपाळ आणि बांगलादेश घरातल्या फवारणीसाठी डीडीटीऐवजी दुसऱ्या गटातली कीटकनाशकं वापरत होते आणि भारत डीडीटीवरच होता. बिहारमधली सँडफ्लाय डीडीटीला दाद देत नाही, आणि भिंतींवर पडणारी मात्राही कमी आहे, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठळकपणे मांडलं गेलं. त्या सुमारास भारतानंही रसायन बदललं. शेजारचा अनुभव डोळ्यांसमोर असताना हा बदल कितीतरी आधी व्हायला हवा होता.

मोजणीचा प्रश्न मात्र इथेही चिवट आहे. भारत, नेपाळ आणि बांगलादेशानं २००५ मध्ये जो करार केला, त्यात ठरलं की दर १०,००० लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे लक्ष्य. दोन लाख वस्तीच्या भागात वर्षाला २० हून कमी. आकडा एकच, पण मोजण्याचं एकक वेगळं: भारतात तालुक्याएवढा विकासगट, बांगलादेशात उपजिल्हा, नेपाळमध्ये अख्खा जिल्हा. मोठ्या एककात एखाद्या कोपऱ्यातल्या चार गावांची साथ सरासरीत विरघळून जाते. लक्ष्य गाठल्याचं कागदावर दिसतं आणि त्या चार गावांत ताप चालूच असतो. तरीही या कराराचं फळ मोठं आहे. काला-आजाराचं सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन केल्याचं जागतिक आरोग्य संघटनेचं शिक्कामोर्तब २०२३ मध्ये बांगलादेशाला मिळालं, आणि असा तो जगातला पहिला देश ठरला.

औषध निकामी होतं तेव्हा

मलेरियावरचं क्लोरोक्विन एकेकाळी स्वस्त आणि रामबाण होतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर त्याला न जुमानणारा परजीवी दिसला. दोन दशकांत तो आफ्रिकेत पोचला आणि तिथे लहान मुलांचे मृत्यू वाढले. सीमेवरची ती खबर वेळीच सगळ्यांपर्यंत पोचली असती, आणि तिच्यावर कुणी हालचाल केली असती, तर त्यातले किती जीव वाचले असते याचा हिशेबच लावता येत नाही.

दुसऱ्या वेळी जग जरा सावध होतं. २००८-०९ मध्ये पश्चिम कंबोडियातून बातम्या आल्या, की आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं नवं मुख्य औषध दिल्यावर रक्तातले परजीवी पूर्वीइतके झपाट्यानं कमी होत नाहीत. हे मोजायचं कसं, तर औषध दिल्यावर दर काही तासांनी रक्त घेऊन परजीवी मोजायचे आणि ते निम्मे व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचं. २०११ ते २०१३ दरम्यान आशिया आणि आफ्रिकेतल्या १० देशांमधल्या १५ केंद्रांवर हीच मोजणी अगदी एकाच पद्धतीनं झाली. त्याच काळात परजीवीच्या के-१३ या जनुकातले बदल या चिवटपणाशी जोडले गेले. आता रक्ताचा वाळलेला थेंब कागदावर पाठवला तरी प्रयोगशाळेत कळू लागलं, की हा परजीवी त्या चिवट प्रकारातला आहे का. आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीच्या खोऱ्यातल्या देशांनी नमुने आणि जनुकीय माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं, की एकच चिवट वंश कंबोडियातून शेजारी देशांत पसरतोय आणि वाटेत आर्टेमिसिनिनच्या जोडीनं दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या औषधालाही तोंड द्यायला शिकतोय. त्यानुसार देशांनी औषधांच्या जोड्या बदलल्या. एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या ‘ग्लोबल फंड’ या जागतिक निधीनं पैसाही एकेका देशाला न देता कंबोडिया, लाओस, म्यानमार, थायलंड आणि व्हिएतनाम या पाचांना मिळून दिला.

मेकाँगमध्ये तयार झालेलं हे साधन पुढे आफ्रिकेच्या कामी आलं. रवांडा आणि युगांडात के-१३ चे चिंताजनक बदल दिसले आहेत. ते आशियातून आलेले नाहीत, तिथेच उपजले आहेत. पण काय शोधायचं हे ठाऊक असल्यामुळे ते क्लोरोक्विनच्या वेळेपेक्षा लवकर सापडले. आणि मेकाँगची कमाई किती नाजूक आहे हेही दिसलं. २०२१ नंतर म्यानमारमध्ये संघर्ष पेटला, आरोग्यसेवा कोलमडली, मलेरियाचे रुग्ण कित्येक पटींनी वाढले आणि थायलंडच्या सीमेवरच्या जिल्ह्यांतही आकडे चढले.

नमुना कुणाचा, लस कुणाची

आता अविश्वासाबद्दल, कारण बहुतेक सहकार्य इथेच अडतं. २००७ मध्ये इंडोनेशियानं बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्याला द्यायचं थांबवलं. त्यांचं म्हणणं असं होतं: आमच्या रुग्णांकडून घेतलेल्या विषाणूवरून परदेशी कंपन्या लस बनवणार आणि ती आम्हाला परवडणार नाही. त्या वेळी यावर बरीच टीका झाली. नमुने अडवणं धोक्याचं आहे हे खरंच, पण तक्रार रास्त होती. चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर २०११ मध्ये इन्फ्लुएंझापुरती एक चौकट ठरली, की विषाणू द्यायचे आणि त्या बदल्यात लस, औषध, निधी यांत वाटा घ्यायचा. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं महासाथींबाबतचा करार मंजूर केला, तेव्हाही नमुने आणि लाभ यांच्या वाटणीचा भाग पुढच्या वाटाघाटींसाठी बाजूला काढावा लागला.

प्रदेशातल्या शेजाऱ्यांमध्ये हा प्रश्न थोडा सोपा होऊ शकतो, कारण देणारा आणि घेणारा एकाच परिस्थितीत असतात. नमुना शेजारच्या देशातल्या प्रयोगशाळेत गेला, तिथे आपल्या तंत्रज्ञानं जाऊन काम शिकलं, शोधनिबंधावर दोन्हीकडची नावं आली, तर पुढचा नमुना मागावा लागत नाही. याउलट नमुने विमानानं हजारो मैल दूर गेले आणि उत्तर दोन वर्षांनी छापील लेखातून कळलं, तर पुढच्या वेळी आरोग्य खातं दार लावून घेतं. त्यात दोष खात्याचा नसतो.

परवानग्यांचंही सहकार्य असतं, ते थोडक्यात सांगतो. पाच देशांत चाचणी म्हणजे पाच नीतिमत्ता समित्या आणि पाच औषध नियामक, प्रत्येकाचे वेगळे अर्ज. आफ्रिकेत २००६ पासून नियामकांचं एक संयुक्त मंच आहे, तिथे अनेक देशांचे तज्ज्ञ एकत्र बसून चाचणीचा आराखडा तपासतात. निर्णय ज्याचा त्याचा राहतो, पण प्रश्न एकदाच विचारले जातात. ज्या देशाकडे लसीच्या चाचणीचा अनुभव नाही, त्यालाही अनुभवी शेजाऱ्याचा आधार मिळतो.

रोग कमी झाला की अडचण वाढते

विचित्र वाटेल, पण सहकार्याची सर्वांत मोठी कसोटी यशानंतर लागते. रुग्ण कमी झाले की निधी आटतो, सँडफ्लाय ओळखणारे तंत्रज्ञ निवृत्त होतात, तरुण डॉक्टरांनी तो आजार पाहिलेलाच नसतो. आणि नेमके तेव्हाच सूक्ष्म प्रश्न महत्त्वाचे ठरतात. काला-आजारातून बरं झाल्यावर काही जणांच्या कातडीवर महिन्यांनी किंवा वर्षांनी फिकट चट्टे किंवा गाठी येतात. त्यांना त्रास फारसा नसतो, म्हणून ते दवाखान्यात येत नाहीत. या चट्ट्यांवर प्रयोगशाळेतल्या सँडफ्लाय सोडून पाहिल्यावर बांगलादेशातल्या संशोधकांना दिसलं, की अशा माणसांकडूनही माशीला परजीवी मिळतो. बिहारमधल्या तशाच अभ्यासानं त्याला दुजोरा दिला, आणि ज्यांच्या शरीरात परजीवी आहे पण लक्षणं नाहीत त्यांच्याकडून माशीला लागण होताना दिसली नाही, हेही दाखवलं. दोन्ही उत्तरं एकत्र ठेवली की काम स्पष्ट होतं: सगळ्या गावाला औषध देत बसण्याऐवजी चट्टे असलेल्या माणसांना शोधून बरं करायचं. ती माणसं कामासाठी सीमेच्या अलीकडे-पलीकडे फिरत असतात.

अमेरिका खंडात रिव्हर ब्लाइंडनेस कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको आणि ग्वाटेमाला या देशांतून २०१३ ते २०१६ दरम्यान हद्दपार झाला. आता तो उरला आहे ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवरच्या घनदाट जंगलात, यानोमामी या आदिवासी लोकांच्या वस्त्यांमध्ये. हे लोक दोन्ही बाजूंना राहतात आणि पूर्वापार ये-जा करतात. वस्त्या जागा बदलतात, काहींपर्यंत फक्त हेलिकॉप्टरनं पोचता येतं. बेकायदा सोनं खणणाऱ्यांच्या टोळ्यांमुळे आरोग्य पथकांना काही भागांत जाणंही धोक्याचं झालं आहे. म्हणून दोन्ही देशांच्या पथकांना वस्त्यांचे नकाशे जुळवावे लागतात आणि गोळ्यांचं वेळापत्रक एकमेकांना विचारून ठरवावं लागतं. यानोमामींमधल्याच तरुणांना आरोग्यसेवक म्हणून शिकवलंही जातं. गोळ्या थांबवल्यावर किमान तीन वर्षं नवी लागण दिसली नाही, तरच प्रमाणपत्राचा विचार होतो. पलीकडच्या वस्त्यांत कृमी शिल्लक असताना ही तीन वर्षं दोघांपैकी कुणालाच एकट्यानं पुरी करता येणार नाहीत.